दोन फोनांमधली बेचाळीस मिनिटं

"सरजी, बताइए, हम लोग कहाँ हैं?" प्रेमसिंगनं विचारलं.

सुधाकरनं तंबूच्या पिवळ्या कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "आठवी ब."

मी हसलो. सुधाकर डुबल म्हणजे आमच्या कराडात तीस वर्षं भूमिती शिकवलेला मास्तर, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या थट्टेची मला सवय होती. पण तो हसला नाही. "मागच्या बाकावर कोण बोलतंय," एवढं पुटपुटून त्यानं डोळे मिटले. मग मी प्रेमसिंगचा, आमच्या गढवाली गाइडचा, चेहरा बघितला आणि माझं हसू तिथंच थांबलं.

त्यानं सुधाकरला दंडाला धरून बाहेर आणलं. काठीनं मातीत एक सरळ रेघ ओढली आणि टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. फूटपट्टी न घेता फळ्यावर दोरीत रेघ मारणारा हा माणूस, पण दुसऱ्याच पावलाला कलंडला. मी धरला नसता तर तोंडावरच पडला असता.

"सर में पानी लगता है," प्रेमसिंग म्हणाला. उंचीवर कुणाकुणाच्या मेंदूला सूज येते, माणूस बरळतो, झिंगल्यासारखा चालतो आणि त्याला वेळेत खाली नेलं नाही तर एका दिवसात जातो. हे सगळं त्यानं आम्हाला पायथ्याशीच समजावलं होतं. आम्ही अकरा जणांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या होत्या.

सकाळचे साडेदहा वाजले होते. आमचा मुक्काम चार हजार एकशे मीटरवर, एका हिरव्या बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, होता. बाकीचे नऊ जण दुसऱ्या गाइडबरोबर हिमनदी बघायला गेले होते, ते दुपारशिवाय येणार नव्हते. सुधाकर "आज अंगात त्राण नाही" म्हणून थांबला, आणि तो थांबला म्हणून मी. खेचरं शिधा आणायला खाली गेलेली. म्हणजे कॅम्पवर आम्ही दोघं, प्रेमसिंग आणि स्वयंपाकी. वाटेत दोन ओढे आणि घसरणीचा उतार. तिघांनी मिळून सत्तर किलोचा माणूस उचलून न्यायचा तर अंधार पडला असता.

"हेलिकॉप्टर मँगाना पड़ेगा," प्रेमसिंग म्हणाला. "इन्शुरन्स है ना?"

"है," मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, छाती फुगवून म्हणालो. कारण ते इन्शुरन्स माझं होतं.

मी विमा एजंट. त्या साली मला या धंद्यात बावीस वर्षं झाली होती. आगाशिवाचा डोंगर रोज सकाळी चढणारा आमचा एक ग्रुप होता. त्यात व्यापारी होते, बँकेतले निवृत्त होते, एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. रोज त्याच डोंगरावर जाऊन कंटाळलेल्या या मंडळींनी एकदा हिमालयाचा घाट घातला. ट्रेक नेणाऱ्या संस्थेनं सांगितलं, पन्नाशीच्या पुढच्यांना विमा लागेल आणि डॉक्टरांचा दाखला लागेल. दाखले कान-नाक-घशावाल्यांनी मिसळ खाता खाता दिले. विम्याचे फॉर्म मी माझ्या घरच्या टेबलावर बसून भरले, अकराच्या अकरा.

आमच्या धंद्यात फॉर्म गिऱ्हाईक भरत नाही, एजंट भरतो. गिऱ्हाईक फक्त सही करतं. आजारांच्या प्रश्नांची एक उभी यादी असते, आणि तिच्यासमोर वरून खालपर्यंत 'नाही'च्या खुणा करत जायचं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. 'हो' लिहिलं की कंपनी तपासण्या मागते, हप्ता वाढवते, गिऱ्हाईक वैतागतं आणि दुसऱ्या एजंटाकडे जातं. त्या पॉलिसीत साडेचार हजार मीटरच्या वर काही झालं तर जबाबदारी नाही, असंही एक कलम होतं, आणि आमची खिंड होती त्याच्या अडीचशे मीटर वर. मी सगळ्यांना सांगितलं होतं, वरच्या अडीचशे मीटरचं देव बघेल.

सुधाकर सही करायला आला तेव्हा त्यानं चष्मा लावून फॉर्म सगळा वाचला. शिक्षकच तो. पेन हातात धरून म्हणाला, "निवास, शुगरचं लिहायचं न्हवं का रे?"

"कशाला?" मी म्हणालो. "कंट्रोलमध्ये हाय न्हवं तुझी? मग झालं. लिहिलंस तर ती संस्था तुला नेणारच नाही."

"पण विचारलंय त्यांनी."

"सुधाकर, भूमिती तुझी, विमा माझा. कर सही."

त्यानं केली. माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला लहानपणापासूनची खोड होती.

कॅम्पपासून वीस मिनिटांच्या चढावर एक उंचवटा होता. तिथल्या एका खडकावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज यायची. पॉलिसीचे कागद माझ्या फोनमध्ये होते, म्हणून जायचं मीच ठरलं. प्रेमसिंगनं सुधाकरच्या बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला आणि भुवया आकसल्या. "पचासी. इस ऊँचाई पे ये तो ठीक है," असं स्वतःशीच म्हणाला. मला ते शब्द तेव्हा नुसते चांगले वाटले. त्यात त्याला काय खटकत होतं, ते मी विचारलं नाही.

वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता. फोन लागला. आधी एका बाईनं पॉलिसीचा नंबर घेतला, मग जोडून दिला एका डॉक्टरला. तरुण आवाज, घाई नाही, नीट एकेक विचारणारा. वय काय, उंची किती, लक्षणं कधीपासून, ऑक्सिजन किती. मग म्हणाला, "पेशंट को पहले से कोई बीमारी? शुगर, बीपी, दमा? कोई दवाई चालू है?"

"नहीं," मी म्हणालो. बावीस वर्षांची सवय. हात आणि तोंड दोन्ही तिला सरावलेले.

"ठीक है," डॉक्टर म्हणाला. मेंदूची सूजच धरून चालू या. गाइडकडे सूज उतरवायचं इंजेक्शन असेल ते द्या, बसवून ठेवा, हेलिकॉप्टरची मागणी मी आत्ता नोंदवतो, हवा साफ राहिली तर दोन-तीन तासांत येईल. मी त्याचे आभार मानले. उतरताना मला चक्क बरं वाटत होतं. इतकी वर्षं लोकांना विमा विकला, आज पहिल्यांदा तो आभाळातून खाली येताना दिसणार होता.

कॅम्पवर आलो तर सुधाकर बोलायचा थांबलेला. प्रेमसिंग इंजेक्शनची पेटी समोर ठेवून बसला होता, पण पेटी बंद होती.

"डॉक्टर बोला, इंजेक्शन दो," मी म्हणालो.

प्रेमसिंगनं सुधाकरच्या कानटोपीखाली हात घातला आणि तळवा मला दाखवला. पाण्यानं भिजावा तसा ओला.

"साहब, इतनी ठंड में इतना पसीना," तो म्हणाला. "उन्नीस साल से लोगों को ऊपर ला रहा हूँ. ऊँचाई वाला ऐसे पसीना नहीं छोड़ता. ऑक्सिजन भी ठीक है. कुछ और बात है." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "सरजी कोई गोली खाते हैं? सच बोलिए."

सुधाकरची सकाळची गोळी मी पाहिली होती. आमचा तंबू एकच. त्यानं नेहमीप्रमाणे गोळी घेतली, आणि खिचडीचा वास आला की कसंतरी होतंय म्हणून ताटली सारून ठेवली. आदल्या रात्रीही तो जेवला नव्हता. उंचीवर भूक मरते, सगळ्यांचीच मेली होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

"शुगर है," मी म्हणालो. "छह साल से."

"डॉक्टर को बताया?"

मी मान खाली घातली.

त्यानं पेटी उचलून बाजूला ठेवली. "ये सुई से शुगर बढ़ती है, इतना मुझे मालूम है. देनी है कि नहीं देनी, ये मुझे नहीं मालूम. शक्कर देनी है कि नहीं, वो भी नहीं मालूम. मैं डॉक्टर नहीं हूँ. आप फिर से ऊपर जाइए." त्यानं स्वयंपाक्याला हाक मारली आणि निम्म्या चढावर उभं राहायला सांगितलं, म्हणजे मी वरून ओरडलो की त्यानं खाली ओरडायचं. मला तो एक शब्दही वेडावाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो दुसरा चढ मी कसा चढलो ते मला सांगता येत नाही. छाती फुटायला आली होती. एका ठिकाणी पाय निसटून गुडघ्यावर आपटलो, तसाच उठलो. सुधाकरच्या घरी आता कुसुमवहिनी गॅलरीत वाळवण घालत असतील, एवढंच सारखं डोक्यात येत होतं. मेला तर मी त्यांना काय सांगणार? कोणतं वाक्य पहिलं बोलणार?

फोन त्याच डॉक्टरनं घेतला. मी नाव-गाव न सांगताच सुरुवात केली. "डॉक्टरसाहेब, उनको शुगर है. छह साल से. गोली लेते हैं," आणि गोळीचं नाव सांगितलं. "कल रात से कुछ खाया नहीं. आज सुबह गोली खाई है. पसीना बहुत है."

पलीकडे त्याचा आवाज बदलला. "शुगर गिर गई है उनकी. सूजन नहीं है ये. शक्कर या शहद, जो हो, मसूड़ों पर मलिए, अभी. पानी मत पिलाइए जब तक होश में न आएँ."

मी खडकाच्या टोकावर जाऊन ओरडलो, "शक्कर, शहद! मसूड़ों पर! अभी!" माझा आवाज वाऱ्यानं कुठं नेला कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा निम्म्यावरचा स्वयंपाकी वळला आणि ओरडत खाली धावत सुटला. मी फोन पुन्हा कानाला लावला. फोनमधून डॉक्टर विचारत होता, "मैंने पहले पूछा था ना आपसे?" मी हो म्हणालो.

खाली आलो तेव्हा सुधाकर प्रेमसिंगच्या मांडीला टेकून बसला होता. ओठांना, मिशांना मध लागलेला. डोळे उघडे. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, "निवास, गुडघ्याला काय लागलं रे तुझ्या?"

मी त्याच्यासमोर बसून लहान पोरासारखा रडलो.

त्याच दुपारी आम्ही त्याला खायला घालत घालत खाली उतरवलं. तो स्वतःच्या पायांनी उतरला. हेलिकॉप्टर आलं नाही, त्याची गरजही उरली नव्हती. वाटेत एका ओढ्याकाठी त्यानं विचारलं, "माझी शुगर उतरलीय हे कळलं कसं तुम्हाला?"

"मी फोनवर तुझ्या गोळीचं सांगितलं," मी म्हणालो, "आणि डॉक्टरनं ओळखलं." यातला एक शब्दही खोटा नव्हता.

पुढं व्हायचं ते झालं. कंपनीनं त्याची पॉलिसी रद्द केली आणि माझा एजन्सीचा कोडही काढून घेतला. गावात वेगळीच कथा पसरली. निवास घारगेनं स्वतःची एजन्सी पणाला लावली, हेलिकॉप्टरवर पाणी सोडलं, पण दोस्तासाठी खरं बोलला. पहिल्या फोनवर मी काय बोललो ते प्रेमसिंगनं बाकीच्या नऊ जणांना सांगितलं नव्हतं आणि मी तर सांगणारच नव्हतो. महिन्याभरानं ग्रुपनं छोटासा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, जिलेबी. सुधाकर बोलायला उभा राहिला. "मी त्या वेळी शुद्धीत नव्हतो," तो म्हणाला, "त्यामुळं तिथं काय काय झालं ते मला ठाऊक नाही. ते निवासच सांगेल." आणि त्यानं माइक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, माणसानं दुसरं काय करायचं असतं. टाळ्या पडल्या. सुधाकरनंही वाजवल्या.

दोन फोनांमधली ती बेचाळीस मिनिटं गावात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. फोन करणाऱ्याचं बोलणं अशा कंपन्या नोंदवून ठेवतात, हे मला, त्याच धंद्यातल्या माणसाला, सुचू नये? सुचलं नाही खरं. किंवा सुचायला नको होतं.

आठ वर्षं गेली. आमचं जाणं-येणं, सणावाराचं, सकाळचं फिरणं, सगळं चालू होतं. मागच्या श्रावणात सुधाकरनं मला घरी बोलावलं. कुसुमवहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत होतं, त्याचे मेडिक्लेमचे कागद बघायचे होते. त्यानं एक जाडजूड फाइल माझ्यासमोर ठेवली आणि "यातच असंल बघ," म्हणून चहाचं सांगायला आत गेला.

कागद चाळताना तिसराच कागद तो निघाला. त्या कंपनीचं पत्र, त्या वर्षीच्या जुलैचं. म्हणजे शाल-श्रीफळाच्या आठ दिवस आधी आलेलं. पॉलिसी का रद्द केली याची कारणं, आणि मागच्या पानावर दोन्ही फोनांचा मजकूर, वेळेसकट. अकरा दहा: डॉक्टरचा प्रश्न, शुगर, बीपी, दमा? फोन करणारा: कंसात 'विराम', आणि पुढं 'नाही'. अकरा बावन्न: फोन करणारा, त्यांना शुगर आहे. घड्या घालून घालून कागद मऊ पडला होता. त्या कंसाभोवती लाल पेनानं एक गोल केला होता. पेपर तपासायचा लाल पेन सुधाकरनं निवृत्त झाल्यावरही सोडलेला नव्हता.

मी मान वर केली तर तो दारात उभा होता. किती वेळ, माहीत नाही. समोर येऊन बसला.

"तू सांगशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "वढ्याकाठी विचारलं. मग माइक दिला. मग म्हटलं, राहू दे, आपणहून सांगंल कधीतरी. आता माझी सत्तरी आली, निवास. किती थांबायचं?"

"सवयीनं निघून गेलं रे तोंडातून," मी म्हणालो. "बावीस वर्षं तेच करत होतो."

"सवयीनं निघालं असतं तर लगेच निघालं असतं." त्यानं कागद माझ्या हातातून घेतला आणि त्या लाल गोलावर बोट ठेवलं. "हे लिहिणारा कोण पोरगा असंल, त्यानं ऐकून लिहिलंय. तू थांबलास. बाकीचं सगळं मला कळलं. घाबरला असशील, चुकला असशील, दुसऱ्यांदा पळत गेलास, गुडघा फोडून घेतलास. त्याचा हिशोब मला नको. एवढंच सांग, या कंसात काय होतं?"

आता खोटं बोलणं फार सोपं होतं. तुझाच विचार होता म्हटलं असतं, हेलिकॉप्टर मिळालं नाही तर तू हातचा जाशील या भीतीनं 'नाही' म्हणालो म्हटलं असतं, तर त्यानं ते घेतलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो ते घ्यायला तयार होता. आणि लोकांना जे बरं वाटतं ते बोलून देणं हा तर माझा उभ्या जन्माचा धंदा.

"फॉर्मवरचं माझं अक्षर आठवलं," मी म्हणालो. "हो म्हटलं तर कोड जाईल, हे आलं मनात. अकराही फॉर्म उघडून बघतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे आलं. तेवढंच."

"हेलिकॉप्टर?"

"ते नंतर जोडलं. उतरताना. स्वतःला सांगायला."

"आणि मी?"

"तू नव्हतास त्यात."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग सुधाकरनं पत्राची घडी घातली, जुन्याच घड्यांवरून, आणि ते फाइलमध्ये न ठेवता खिशात ठेवलं.

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला. "पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग उठून आत बघत, नेहमीच्या आवाजात, "अगं, निवासचंपण ताट घे. जेवूनच जाईल तो."

मी नको म्हणू शकलो नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी जेवायला बसलो. सुधाकर वहिनींच्या डोळ्याबद्दल, कोणत्या डॉक्टरकडे जायचं त्याबद्दल बोलत राहिला. कुसुमवहिनींनी मला तीनदा भाजी वाढली, भाकरी गरम गरम आणून दिली, ताकाचा तांब्या जवळ सरकवला. माझ्याशी बोलल्या मात्र नाहीत.